तिसरी ओळ खोडून सही करतो: आपल्या मंदिराच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सगळे विश्वस्त,
आपल्या कॉलनीचं दत्त मंदिर, इंदूर

सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी सचिवदादा स्वतः घरी आले, पोहे झाले, जलेबी झाली, चहा झाला, मग पिशवीतून तो फॉर्म काढून म्हणाले काका इथे फक्त सही करा, बाकी सगळं छापलेलंच आहे. मी म्हटलं वाचून देतो. तर जरा हिरमुसले, त्यात वाचायचं काय, तुम्ही तर तिथेच होता ना. होतो ना. पहिल्या रांगेत, खांबाच्या डाव्या हाताला, छत्री गळत होती म्हणून ती बाहेर ठेवून आलेलो. म्हणूनच तर हे पत्र. आणि उघड लिहून राहिलोय ते यासाठी की आठ दिवसांत चार जणांनी विचारलं, कमिटीशी काही वाजलंय का, सही का नाही केली अजून. वाजलेलं काही नाही. आजोबांपासून आम्ही या देवळात येतोय, ते तसंच चालू राहील.

भानगड तिसऱ्या ओळीची आहे. तिथे छापलंय, "गुरुपौर्णिमेच्या सायंआरतीच्या वेळी श्रींच्या पादुकांतून गंगाजल प्रकट होताना मी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले". अशा 63 सह्या झाल्यात म्हणे, आणि त्या सगळ्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत जाणार, वर मोठ्या अक्षरांत "प्रत्यक्षदर्शींची साक्ष".

आता साक्ष हा शब्द आला की माझं डोकं वेगळं चालायला लागतं, ती सवय काही जात नाही. नवीन लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, मी कोर्टात 31 वर्षं साक्ष्य लेखक होतो, म्हणजे कठड्यात उभा असलेला माणूस जे बोलतो ते जज साहेब सांगतील तसं टाइप करायचं, आधी टाइपरायटरवर आणि नंतर कॉम्प्युटरवर. खून, अपघात, जमिनीची भांडणं, हुंडा, सगळं या बोटांतून गेलंय. आपल्याकडे कोर्टाची भाषा हिंदी, त्यामुळे प्रतिपरीक्षणातली, म्हणजे उलटतपासणीतली, ती वाक्यं मला अजून झोपेत ऐकू येतात, "यह कहना सही है कि मैंने चाकू मारते हुए नहीं देखा". सकाळी सरकारी वकिलापुढे माणूस छातीठोक सांगतो की यानेच मारलं, मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारी बचावाचा वकील हळूहळू कांदा सोलतो, तुम्ही कुठे उभे होता, मध्ये काय होतं, लाइट होती का, आणि शेवटी निघतं काय तर त्याने एक पळणारी पाठ पाहिली आणि एक पडलेला माणूस पाहिला, मधलं सगळं त्याने स्वतःच जोडून घेतलं. आणि तो खोटं बोलत नसतो हो. खोटं बोलणारे फार नीट बोलतात, तारीख-वारासकट. हा बिचारा खरंच समजून चाललेला असतो की आपण मारताना पाहिलं.

तुमच्या फॉर्मची पहिली अडचण हीच आहे की उत्तर आधीच छापलंय. कोर्टात आपल्याच साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारता येत नाही, म्हणजे "तुम्ही याला मारताना पाहिलंत ना?" असं विचारलं की समोरचा वकील लगेच उभा राहतो. "काय पाहिलंत?" एवढंच विचारायचं असतं. तुम्ही मला काय पाहिलंत हे विचारलंच नाही, मी काय पाहिलं ते मलाच सांगून वर सही मागितली. आणि 63 सह्या म्हणाल तर पुराव्याच्या कायद्यात अमुक इतके साक्षीदार पाहिजेत अशी अटच नाही, साक्ष तोलायची असते, मोजायची नाही, हे मी इतक्या निकालांत टाइप केलंय की त्याचा हिशोब नाही. एकाच छापील वाक्याखालच्या 63 सह्या माझ्या हिशोबाने एकच साक्ष झाली, ती पण ज्याने मजकूर लिहिला त्याची.

बरं, त्या संध्याकाळी झालं काय ते आठवा. पाऊस दुपारपासून लागलेला. सजावटीसाठी गाभारा चारपासून बंद होता, साडेसहाला उघडला, दोनशेच्या आसपास लोक आत दाटलेले, सगळे ओले. आरती सुरू झाली आणि पुढे बसलेला एक मुलगा म्हणाला, "पादुका भिजल्यात." हा पहिला आवाज, तो मी ऐकला. मग मागून कोणीतरी काकू म्हणाल्या, महाराजांना घाम आलाय. मग तिसरा आवाज आला, गंगा आली, गंगा आली, आणि एका मिनिटात सगळं देऊळ तेच म्हणायला लागलं, टाळ्या, जयघोष, दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी. मुलाने जे पाहिलं तेच आम्ही सगळ्यांनी पाहिलं, पण भिजल्यातपासून गंगेपर्यंत शब्द दोनदा बदलला. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल, त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला का कोणी?

मी स्वतः पण काही धुतल्या तांदळासारखा नाही. घरी येताना शेजाऱ्यांना सांगितलं की धार लागली होती. बायको बरोबरच होती, घरात शिरल्यावर म्हणाली, धार? मी पण तिथेच होते, थेंब होते. खरंय, थेंब होते. म्हणजे देऊळ ते घर, चालत सात मिनिटं, तेवढ्यात 31 वर्षं साक्षी लिहिलेल्या माणसाच्या थेंबांची धार झाली.

याच्यापेक्षा मोठी गोष्ट सांगतो, ती आजपर्यंत घराबाहेर सांगितली नव्हती. 21 सप्टेंबर 1995, गणपती दूध प्यायला तो दिवस. वार गुरुवार, पितृपंधरवडा चालू होता. दिल्लीतून बातमी निघाली आणि दुपारपर्यंत देशभर, लंडनपर्यंत सुद्धा, देवळांपुढे रांगा. आपल्या इंदुरात पण तेच, माणसं चमचे आणि वाट्या घेऊन पळत होती. पंचवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की आमच्या देवघरातल्या चांदीच्या गणपतीला मी स्वतः चमचा लावला होता, आई मागे उभी होती, आणि दूध काठापासून हळूच आत सरकलं. चमच्याचा थंडपणा आठवतो मला. आईच्या लुगड्याचा रंग आठवतो. मग कोविडमध्ये घरी बसून जुन्या ट्रंका आवरताना माझ्या ड्युटीच्या डायऱ्या निघाल्या, आणि 1995 च्या डायरीत त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय, महू कोर्ट, दोन साक्षी, परतीची गाडी लेट, घरी रात्री नऊ. त्या वेळी मला महूला जोडलेलं होतं, मीटरगेजच्या गाडीने जायचो. ताईला पुण्याला फोन केला तर ती हसायलाच लागली, अरे चमचा मी धरला होता, तू आलास तेव्हा सगळं आटपलं होतं आणि आईने तुला ताट वाढता वाढता सगळी गोष्ट सांगितली.

आता बोला. मी शपथेवर सांगितलं असतं हो. गीतेवर हात ठेवून सांगितलं असतं आणि कोणत्याही वकिलाने मला हलवलं नसतं, कारण मी खोटं बोलतच नव्हतो.

(दुधाचं काय झालं ते तेव्हाच सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं होतं. चमचा काठोकाठ भरून मूर्तीला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि मग पातळ थर होऊन अंगावरून खाली उतरतं, पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध दिसत नाही, रंग घातला की दिसतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली असेल बाबा, पण माझ्या हातून प्यायला. मी पुढे वाद घातला नाही.)

आठवणीची ही गंमत माझी एकट्याचीच नाही. एका जज साहेबांनी चेंबरमध्ये चहा पिता पिता अमेरिकेतला 1974 चा प्रयोग सांगितला होता, लॉफ्टस नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा. कॉलेजच्या मुलांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या "लागल्या" तेव्हा स्पीड किती होता, काहींना विचारलं "चक्काचूर झाल्या" तेव्हा किती. फिल्म तीच, पण लागल्यावाल्यांनी सरासरी ताशी 34 मैल सांगितला आणि चक्काचूरवाल्यांनी 40 च्या वर. मग तसाच दुसरा प्रयोग केला, त्यात आठवड्याने विचारलं फुटलेली काच पाहिली का, तर चक्काचूरवाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, लागल्यावाल्या 50 पैकी 7. काच फुटलेली फिल्ममध्ये नव्हतीच. साहेब म्हणाले होते, म्हणून मी वकिलाचा प्रश्न पण शब्दशः लिहायला सांगतो, नुसतं उत्तर नाही. तुमचा फॉर्म गुरुपौर्णिमेनंतर तीन आठवड्यांनी आला आणि त्यात "प्रकट" हा शब्द आहे. ज्यांना तोवर थेंबच आठवत होते त्यांना आता काय आठवत असेल ते तुम्हीच बघा.

इथपर्यंत वाचून आपल्या कॉलनीतली विवेकवादी पोरं खूष झाली असतील, तर त्यांनाही दोन शब्द. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत की 63 खोटारडे नाहीतर 63 मूर्ख. भिया, हे चूक आहे. फ्रान्समध्ये शेतकरी पिढ्यानपिढ्या सांगत होते की आकाशातून दगड पडतात आणि पॅरिसचे विद्वान त्यांना हसत होते, की आकाशात दगड आहेत कुठे पडायला. मग 26 एप्रिल 1803 ला लेगल गावाजवळ दगडांचा पाऊस पडला, तीन हजारांच्या आसपास दगड, आणि सरकारने बियो नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला पाठवलं. त्याने काय केलं तर गावोगाव फिरला, वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांशी न बोललेल्या माणसांना विचारलं कुठे होतास, काय ऐकलंस, कोणत्या बाजूने आलं, आणि दगड कुठे कुठे पडले त्याचा नकाशा काढला. सगळ्यांचं जुळलं. शेतकरी बरोबर निघाले आणि विद्वान चूक. म्हणजे साक्षीनेच जिंकलं, पण ती साक्ष कशी घेतली ते बघा.

आणि 2006 च्या ऑगस्टमधलं माहीम आठवतंय ना, समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून नेत होते आणि पीत होते. चव घेणारे खोटं बोलत नव्हते, पाणी खरंच कमी खारट होतं. पावसाचा जोर, मिठी नदीचं गोडं पाणी खाडीत वरच्या थरात पसरलेलं, असं अभ्यासकांनी सांगितलं. जिभेची साक्ष खरी होती, तिच्यावर चढवलेला अर्थ तेवढा घसरला. आणि पाणी घाणेरडं होतं हे वेगळंच, पालिका पिऊ नका म्हणून ओरडत होती. ज्याने चव घेतली त्याला मूर्ख म्हटलं की तो तुमचं पुढचं काही ऐकत नाही, आणि खरं म्हणजे त्यानेच तर तुम्हाला पहिला पुरावा दिलेला असतो.

तपास करायला गेलं की भावना दुखावतात हेही मला कळतं. 2012 मध्ये विलेपार्ल्याच्या एका चर्चबाहेरच्या क्रुसातून पाणी ठिबकत होतं, सनल एडामारुकू म्हणून गृहस्थांनी जवळच तुंबलेली मोरी दाखवून सांगितलं की भिंतीतून पाणी चढतंय, तर त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले ते गेलेच. पण त्याच कॅथलिक धर्मात दुसरी बाजू पण आहे आणि ती मला, कोर्टातल्या माणसाला, फार आवडते. कोणाला संत ठरवायचं असलं की चर्च स्वतःच एक विरोधी वकील नेमायचं, त्याचं कामच हे की चमत्कार खोडून काढा, 1983 मध्ये त्या पदाचं काम बरंच कमी केलं पण त्याआधी शेकडो वर्षं ते चाललं. आणि फ्रान्समधल्या लूर्दला तर 1883 पासून डॉक्टरांचं ऑफिस आहे, बरं झाल्याचे 7000 च्या वर दावे आले आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले 70 च्या आसपास. ते 70 तरी खरे का, हा वाद बाजूला ठेवू. पण श्रद्धावान माणसंच बाकीच्या हजारोंना नाही म्हणतात आणि तरी तिथली गर्दी कमी होत नाही. आपण एकाला सुद्धा "थांबा, बघू" म्हणायला तयार नाही.

अध्यक्ष अण्णा म्हणतात की हे सगळं पाश्चात्त्य डोकं आहे, ह्यूम वगैरे. ह्यूम हा स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ, त्याने 1748 मध्ये एवढंच म्हटलं होतं की चमत्काराची साक्ष आली की विचारा, घटना घडणं जास्त अवघड आहे की साक्षीदाराची चूक होणं. पण अण्णा, तुम्ही स्वतः संस्कृत शिकवलेलं आहे, आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नाही, तर्काच्या जुन्या न्यायदर्शनात, प्रत्यक्षाची व्याख्या काय आहे? नुसतं इंद्रियाला दिसलं म्हणून भागत नाही, ते अव्यभिचारी पाहिजे, म्हणजे मृगजळ नको, आणि व्यवसायात्मक पाहिजे, म्हणजे लांबून दिसतंय ते धूर आहे की धूळ हे ठरलेलं पाहिजे. उन्हाळ्यातलं मृगजळ आणि धूर की धूळ, हे दोन्ही दाखले न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातले, दीड हजार वर्षांच्या वर जुने. चष्मदीद गवाह काय असतो हे त्या माणसाला आमच्या बारमधल्या अर्ध्या वकिलांपेक्षा चांगलं माहीत होतं.

आणि धूर म्हटलं म्हणून आठवलं, तुमचा व्हिडिओ. त्यात सुरुवातीला सगळं धुरकट दिसतं आणि त्याखाली तुम्ही "दिव्य धूम्र" असं लिहिलंय. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. ज्या मोबाइलवर तो काढला तो दुपारपासून गाभाऱ्यातच स्टँडवर लावलेला होता. आणि गाभाऱ्यात मे महिन्यात एका भक्ताने दिलेला एसी आहे, फुलं टिकावीत आणि पुजारीबुवांना चक्कर येऊ नये म्हणून, चांगली गोष्ट आहे, मी पण वर्गणी दिली. चार ते साडेसहा दार बंद, एसी चालू, आत संगमरवराच्या पादुका गार पडलेल्या. मग दार उघडलं आणि पावसाळी हवा आणि दोनशे ओली माणसं एकदम आत. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला पाणी सुटतं तसंच. हवा 26 डिग्री आणि ओलावा 90 टक्के असेल तर साधारण 24 डिग्रीच्या खाली गार असलेल्या कुठल्याही दगडावर थेंब धरणार, मोबाइलच्या काचेवर पण धरणार. व्हिडिओत पादुकांच्या मागे तांब्याचा कलश आहे, थांबवून बघा, तो बाहेरून भिजलेला आहे. कलशातून पण गंगा आली का?

आता मी हे सिद्ध झालं असं म्हणत नाहीये, नाहीतर मी पण त्या चाकूवाल्या साक्षीदारासारखाच, मधलं जोडून मोकळा. त्या दिवशी कोणी थर्मामीटर लावला नव्हता, पादुकांना हात लावून गार आहेत का ते कोणी बघितलं नाही, पाणी टिपून ठेवलं नाही, उलट तीर्थ म्हणून वाटलं, मी पण घेतलं. उज्जैनला कालभैरवाला जातो तेव्हा पण माझं असंच होतं, पुजारी मद्याची बशी मूर्तीच्या ओठांना लावतात आणि बशीतलं कमी होतं, हे मी दोन हात लांबून पाहिलंय आणि कोणत्याही कोर्टात सांगीन. ते कुठे जातं हे मी पाहिलेलं नाही, तेवढंच.

म्हणून फॉर्म परत पाठवतोय, तिसरी ओळ खोडलेली आहे आणि खाली माझ्या हाताने लिहिलंय ते असं:

"मी साडेसहाला पहिल्या रांगेत होतो. आरती सुरू झाल्यावर पादुकांच्या वरच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले. थेंब येताना पाहिले नाहीत, आलेले पाहिले. थेंब दिसण्याआधी पादुका नीट पाहिल्या होत्या का ते आठवत नाही. पाणी कुठून आलं ते पाहिलं नाही. गंगा हा शब्द दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला. यह कहना गलत है कि मैंने गंगाजल प्रकट होते हुए देखा."

खाली सही आहे. हे छापणार असाल तर पूर्ण छापा, अर्धं नको. छापायचं नसेल तर माझं नाव त्या यादीत घालू नका, 63 चे 64 करू नका. स्मरणिकेसाठी शुभेच्छांची जाहिरात दिली आहे ती तशीच राहू द्या, पैसे परत नको.

आणि एक काम. येत्या आठवड्यात पाऊस परत लागेल असं म्हणतात. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी चार ते साडेसहा गाभारा बंद ठेवून एसी चालू ठेवू, आदल्या दिवशी तसंच एसी बंद ठेवून, पादुकांशेजारी तोच कलश आणि घरचा एक साधा संगमरवरी पाट ठेवू, तो पोळपाट असला तरी चालेल. दार उघडताना पुजारीबुवा, अण्णा, ती विवेकवादी पोरं आणि तो आठ-नऊ वर्षांचा मुलगा एवढे असले की झालं, आणि प्रत्येकाने काय दिसलं ते एकमेकांशी बोलायच्या आधी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं. कागद मी आणतो, थर्मामीटर पण आणतो, नातवाच्या प्रोजेक्टसाठी ओलावा मोजायचं ते छोटं घड्याळासारखं यंत्र घेतलेलं घरी पडून आहे. पाटावर पाणी नाही आलं आणि पादुकांवर आलं, तर मी तिसरी ओळ परत वाचायला तयार आहे.

गाभाऱ्याची किल्ली त्या दिवशी कोणाकडे असेल तेवढं कळवा.

तुमचाच,
डाव्या खांबाजवळ बसणारा काका